प्रकरण चौदावे : भिंत नसलेलं घर

खिरीची पहिली वाटी आबांच्या हातात गेली, दुसरी निशिकांतकाकांच्या, आणि तिथंच क्षिप्राच्या लक्षात आलं की आज कोणी तिच्याशी बोलणार नाहीये. सगळे तिच्याबद्दल बोलणार आहेत.

वेसाकची, म्हणजे बुद्धपौर्णिमेची, सुट्टी होती. सकाळी वंदना झाली होती. सिंगापुरातल्या जुरोंग वेस्टच्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पांढऱ्या कपड्यांतली सात माणसं बसली होती आणि मेणबत्त्या विझू नयेत म्हणून पंखा बंद ठेवल्यानं सगळ्यांना घामाच्या धारा लागल्या होत्या. हॉलमध्ये बुद्धमूर्तीशेजारी बाबासाहेबांचा मोठा फोटो. काकांच्या कॉन्डोत हाच फोटो आतल्या स्टडीत होता. "हॉलमध्ये काचेवर ग्लेअर येतो ना," असं विनीताकाकू सांगायची. त्या हॉलमध्ये महाराष्ट्र मंडळाची पुण्या-मुंबईची माणसं यायची. ग्लेअर कुणाच्या डोळ्यांत जातो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण सणासुदीला कोण तोंड उघडणार?

प्रश्न एकच होता. क्षिप्राच्या हातात युनिव्हर्सिटीच्या दोन जागा होत्या. एक केमिकल इंजिनिअरिंगची, कंपनीच्या स्कॉलरशिपसकट, म्हणजे पुढं बाबांसारखंच गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडच्या कारखान्यात. दुसरी आर्किटेक्चरची, जिच्यामागं कुठलीच कंपनी उभी नव्हती. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. आणि आबा महिन्यापूर्वी विमानतळावरून टॅक्सीत बसता बसताच बोलून गेले होते, "पोरीनं आधी माझं घर काढून दाखवावं. जमलं तर ती म्हणेल ते तिनं करावं. न्हाई जमलं, तर निशिकांत सांगतो ते."

आबांचा, यादवरावांचा, शब्द म्हणजे शब्द. एसटीच्या वर्कशॉपात ग्रीसमध्ये हात बुडवून ज्यानं दोन पोरं इंजिनिअर आणि बँकर केली, त्याच्यापुढं सिंगापूरचा पासपोर्ट असलेला मुलगासुद्धा अदबीनं खुर्ची मागं सरकवून बसायचा.

घर म्हणजे गावात अजून बांधायचं असलेलं. आबांनी निवृत्तीनंतर गावात जागा घेतली होती. गावात म्हणजे गावात. ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यात नव्हे. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून, जिथून आबांच्या वडलांना वहाणा हातात घेऊन चालावं लागायचं. ही गोष्ट क्षिप्रानं इतक्यांदा ऐकली होती की तिला ती पाठ होती. पाठ असलेल्या गोष्टीचं जे होतं तेच झालं होतं. तिच्यावर विचार करायचं राहून गेलं होतं.

"हे बघ क्षिप्रा, राग मानू नकोस," निशिकांतकाका म्हणाले. काकांनी असं म्हटलं की राग यायचाच. "इंजिनिअरला काय लागतं? मार्क. पेपर तपासणाऱ्याला तुझं तोंड दिसत नाही. आम्ही दोघं भाऊ त्या एका गोष्टीवर इथवर आलो. आर्किटेक्टला काय लागतं? गिऱ्हाईक. गिऱ्हाईक कोण आणतं? बापाची ओळख, सासऱ्याचा क्लब, मामाची जमीन. तुझा मामा काय करतो? कंडक्टर आहे."

"माझ्या भावाला मध्ये आणायचं कारण?" आईनं पळी पातेल्यावर आपटली.

"उदाहरण दिलं, एकता," काका आईला म्हणाले.

"तुमच्या मेव्हण्याचं द्या की."

विनीताकाकू खिरीतले बदाम शोधायला लागली.

"पण इथं तोंड कोण बघतं, काका?" क्षिप्रा म्हणाली. "धिस इज सिंगापूर."

काका हसले. रॅफल्स प्लेसच्या बँकेत ते लोकांना कर्ज नाकारायचे, तेव्हाही असेच हसत असतील असं तिला वाटलं. "मंडळाच्या गणपतीत गेलं की पहिला प्रश्न काय विचारतात? मूळचे कुठले. दुसरा? आडनाव. तिसरा विचारतच नाहीत. तिसऱ्याचं उत्तर दुसऱ्यात मिळालेलं असतं. तुझी पहिली दहा गिऱ्हाइकं तीच माणसं असणार. इथल्या चिनी माणसाला घर बांधून घ्यायला चिनी आर्किटेक्ट आहेत."

"तू गणपतीला जातोस?" आबांनी वाटीतून डोकं वर न काढता विचारलं.

काकांचं हसू जिथल्या तिथं थांबलं. "नेटवर्किंग असतं ते, आबा."

"बावीस प्रतिज्ञांत तेवढी नेटवर्किंगची सूट हाय का? मला आठवत न्हाई. प्रीतम, तुला आठवती का रं?"

बाबांनी खाली बघून खीर गिळली. बाबांचं हे नेहमीचं होतं. वडील आणि थोरला भाऊ यांच्यामध्ये ते दारातल्या पायपुसण्यासारखे पडून राहायचे, दोघांनाही पाय पुसायची सोय. पण आर्किटेक्चरच्या बाबतीत ते क्षिप्राच्या बाजूनं होते. बसमध्ये बसल्या बसल्या तिला बिल्डिंगचे फोटो पाठवायचे, खाली लिहायचे, 'हे बघ, कसलं भारी.' या घरात तिची एवढीच फौज होती.

"दाखव गं," आबा म्हणाले.

टीव्हीखालच्या कपाटावर आईच्या जुन्या ओढणीखाली ते मॉडेल होतं. क्षिप्रानं ओढणी काढली. युनिव्हर्सिटीच्या इंटरव्ह्यूत तीन प्रोफेसरांसमोर बोलणं याहून सोपं गेलं होतं.

पांढऱ्या बोर्डाचं घर होतं. खाली सहा खांब, त्यांच्यात एक लांबच लांब दगडी बाक, आणि सगळं घर वर उचललेलं. पश्चिमेचं ऊन अडवायला तिनं जाळीची भिंत केली होती. पावसाचं पाणी छपरावरून कुठं जाईल, कुठल्या टाकीत पडेल, सगळं काढलेलं. घराच्या कडेला तिनं कागदाची छोटी माणसंही उभी केली होती.

"अगं बाई," विनीताकाकू खरंच म्हणाली. "किती गोड!"

आजीनं चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. "खाली काय हाय?"

"खाली काहीच नाही, आजी. तेच तर. आपल्या ब्लॉकखाली नाही का, व्हॉइड डेक. मोकळं."

"आन् माणसं?"

"वर."

"मग मी वर कशी जाऊ?" मीराआजीनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, जणू गुडघ्यांनाच विचारत होती.

"लिफ्टनं—" असं म्हणून क्षिप्रा थांबली.

पहिल्यांदा काका हसले, मग काकू, मग आईसुद्धा, मग आजी स्वतः. अकराव्या मजल्यावर जन्म काढलेल्या पोरीला लिफ्ट म्हणजे पाण्याचा नळ. ती असते. वारा कुठून येतो हे तिनं काढलं होतं, पण सातारा जिल्ह्यातल्या गावात आजी जिना कशी चढेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ओके, ओके, रॅम्प करते. जमेल. कॅन, लाह," ती लाल होत म्हणाली. "नाहीतर तुमची खोली खाली."

"झोपायची खोली खाली आणि बाकी घर वरती? मग लिफ्टची बटणं दाबायला तू गावी येणार?" काका डोळे पुसत म्हणाले.

आबा हसले नव्हते. ते खुर्ची पुढं ओढून मॉडेलच्या चारी बाजू बघत होते. बोट न लावता. गाडीच्या इंजिनात बिघाड शोधताना बघत असतील तसे.

"भिंत कुठाय?"

"ही बघा, ही जाळीची—"

"ती न्हाई. कंपाउंड."

"कंपाउंड नाहीये, आबा." हा भाग तिनं आरशासमोर बोलून पाहिला होता. "रस्ता आणि घर यांच्यामध्ये काहीच नाही. बाक आहे. शाळेतून येणारी मुलं बसतील, पाऊस आला तर कुणी थांबेल, म्हातारी माणसं पत्ते खेळतील. तुमचं घर आणि गावाची जागा. कुणीही येऊन बसू शकतं."

"कुणीही?"

"कुणीही. दॅट्स द पॉइंट."

आबांनी पुन्हा विचारलं नाही. क्षिप्राला वाटलं आपण काहीतरी घाण शब्द बोललो. आई भांडी उचलायला लागली. बाबा खिडकीकडं बघत होते. ती ज्या ब्लॉकखाली सायकल शिकली, जिथं मलय लग्नाचे मांडव पडायचे, त्याच जागी पुढच्या आठवड्यात चिनी मयताची टेबलं लागायची, त्या जागेत फुटबॉल खेळू नये अशी पाटी होती. कुणी बसू नये अशी पाटी नव्हती. यात वाईट काय आहे?

"छान आहे," निशिकांतकाका म्हणाले.

क्षिप्रानं वळून पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"खरंच सांगतो. लिफ्टचा विनोद सोडा. पण भिंत नाही हे बरोबर आहे. आबा, आता भिंत बांधून आपणच गावाला ओरडून सांगायचं का की आम्ही कोण ते? गावात कुणाच्या घराला सात फुटी भिंत आहे? आपलंच एक वेगळं दिसणार. लोकांसारखं राहायचं तर लोकांसारखं दिसलं पाहिजे."

"तुझं सगळं दिसण्यावरच आलंय, दादा," बाबा म्हणाले.

बाबा बोलले. मध्येच, कुणी न विचारता.

"भिंत पाहिजे," बाबा पुढं म्हणाले. "क्षिप्रा, भिंत पाहिजे पिल्लू. बाकी सगळं ठेव. पण भिंत घाल. एक रेष तर आहे."

"एक रेष नाहीये, बाबा! भिंत आली की खालची जागा मेली. मग बाक कुणासाठी?"

"बाक आपल्यासाठी."

"पण का?"

"गाव तुला माहीत नाही, पिल्लू," एवढंच म्हणून बाबा पुन्हा खिडकीकडं वळले. क्षिप्राला कळेना. ज्या काकांना ती आर्किटेक्ट व्हायलाच नको होती, त्यांना तिचं घर आवडलं. ज्या बाबांच्या जिवावर ती इथवर आली, ते घराला घेराव घालायला निघाले. जणू बसायच्या जागा तिच्या पाठीमागं कोणीतरी बदलून टाकल्या होत्या.

"का ते सांगा ना कुणीतरी. मी लहान नाहीये. मला माहितीये सगळं. महाडचं तळं, वहाणा, सगळं. आय नो अवर हिस्टरी."

"पुस्तकातलं मला सांगतीस?" आबांचा आवाज चढला. "हिस्टरी! भिंत घाल आणि जा तुझ्या आर्किटेक्चरला. मी सांगतो निशिकांतला. न्हाई घालायची, तर राहू दे. तुझी मर्जी."

आणि ते उठून बेडरूममध्ये गेले. दार आपटलं नाही, हेच जास्त वाईट होतं.

काकांनी हात झटकले. "सोपं आहे की. आबांनी डील दिली. घाल भिंत."

"तुम्हीच म्हणालात भिंत नको."

"मला नको. मी थोडाच तुला आर्किटेक्चरला पाठवणार आहे?"

आई आतून ओल्या हातानं बाहेर आली. "दादा, पोरीशी खेळू नका," असं ती म्हणाली, आणि मग क्षिप्राकडं वळून त्याच दमात, "आणि तूही एवढी अडू नकोस. काढ काय सांगतात ते." म्हणजे आईचीसुद्धा बाजू कळेना. या घरात माणसं माया करायची आणि लगेच त्याच हातानं गप्प बसवायची.

"चल गं," आजी म्हणाली. "मला खाली ने. हितं उबलंय."

लिफ्टनं दोघी व्हॉइड डेकवर आल्या. दगडी बुद्धिबळाच्या टेबलाशी त्या बसल्या. पलीकडं एक म्हातारा बनियनवर झोपला होता. भाजीची ट्रॉली ओढत एक चिनी आंटी आली, आजीच्या शेजारी धपकन बसली आणि आजीच्या पसरलेल्या पायांकडं बोट करून मँडरिनमध्ये काहीतरी बोलली.

"व्हय व्हय, काढते," आजी मराठीत म्हणाली आणि पाय आवरले. आंटी समाधानानं ट्रॉली तिथं लावून पंख्यानं वारा घ्यायला लागली. दोघींना एकमेकींचं काडीइतकं कळलं नव्हतं आणि काही बिघडलं नव्हतं.

"बघितलंत?" क्षिप्रा म्हणाली. "एवढंच पाहिजे होतं मला. यात आबांना एवढं चिडायला काय झालं?"

आजीनं पदरानं मान पुसली. "तुझ्या आज्यानं जागा घेतली, चार कोपऱ्यांना दगड लावले, दोरी बांधली. दुसऱ्या सकाळी बगतो तर काय? उकिरडा. गावातला सगळा कचरा आमच्या दोरीच्या आत. मेलेल्या कोंबड्या. पोरांचे भरलेले हगीस. बाटल्या. गेल्या पावसात तर मेलेलं कुत्रं."

"कोण टाकतं?"

"रातीचं टाकत्यात. नाव कुणाचं घ्यावं? सकाळी भेटले की रामराम घालत्यात, म्हणत्यात, यादवराव, कधी बांधताय घर?"

क्षिप्राला आधी कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले. पण ही पाठ असलेली गोष्ट नव्हती. ती गोष्ट जुनी होती, पुस्तकात होती, तिच्यात आबांचे वडील होते, काळे-पांढरे फोटो होते. यात हगीस होते. हगीस म्हणजे आत्ताचं.

"मग? कोण उचलतं?"

"कोण उचलणार? तुझा आजाच. घमेलं घेऊन, एसटीनं. साताऱ्याच्या खोलीवरनं जायाचं, सगळं काढायचं, लांब नेऊन पुरायचं, आंघोळ करून घरी. मला म्हणतो, हिंडायला गेलतो." आजी थांबली. "ह्या वयात, बाई. ज्या कामापास्नं पोरं सुटावीत म्हणून जन्म गेला, तेच काम."

"बाबांना माहितीये?"

"न्हाई. दोघांबी पोरांस्नी न्हाई. कळलं तर म्हणतील विकून टाका. निशिकांत तर आजच गिऱ्हाईक आणंल. मला बोलायचं न्हाई म्हणून शपथ घातलीया. आता तुला बोलले, त्ये मोजायचं न्हाई. तू घर काढणारी हायस. तुला जागा ठावी पायजे."

क्षिप्रानं त्या जागेवर, त्याच जागेवर, बाक मांडला होता आणि हसून म्हटलं होतं, कुणीही. आबांनी दोनदा विचारलं नव्हतं यात त्यांनी केवढी दया दाखवली होती.

"मग भिंत घालते," ती म्हणाली. "उंच. काटे लावते वर."

"कशापायी?"

"म्हणजे?"

"मला नगं भिंत."

"आजी!"

"एसटी कॉलनीच्या भिंतीआड सगळी उमर गेली. तिथनं रस्त्यावरचं कुत्रं बी दिसायचं न्हाई. भिंतीला किती उंच करशील? फेकणाऱ्याचा हात भिंतीपेक्षा लांब असतो. भिंतीआड आमाला दिसायचं बी न्हाई कोण टाकतं त्ये. मी तुझ्या त्या बाकावर बसणार. रातच्याला बी बसणार. कंदील लावून. माझ्या तोंडाकडं बगून टाक म्हणावं, मग बगू."

"आणि टाकलं तर? तुमच्या अंगावर?"

आजीनं खांदे उडवले. "तर टाकलं."

"मग मी काय काढू?" क्षिप्रा जवळजवळ रडत ओरडली. झोपलेल्या म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला. चिनी आंटीनं पंखा थांबवून तिच्याकडं पाहिलं.

"मला काय इचारतीस? मी काय शिकलेली हाय व्हय?" आजी उठत म्हणाली. "हात दे."

वर आल्या तेव्हा हॉलमध्ये सगळे मॉडेलभोवती उभे होते. आबा बाहेर आले होते. त्यांनी कॉर्नफ्लेक्सचं खोकं भाजीच्या सुरीनं उभं कापलं होतं आणि त्या पट्ट्या घराभोवती चिकटवल्या होत्या. खोक्यावरचं कोंबड्याचं चित्र असलेली बाजू बाहेर आली होती. भिंत खांबांहून उंच होती, जाळीहून उंच होती. समोरून बघितलं तर घर नव्हतंच. नुसतं खोकं.

"आता बरं दिसतंय," आबा म्हणाले. आवाज खाली आला होता. सुरीनं एक बोट चिरलं होतं आणि काकू त्यावर प्लास्टर लावायला धडपडत होती, ते हात काढून घेत होते.

"कोंबड्याची भिंत," काका म्हणाले. "गाव खूष होईल."

"दादा, गप बस," बाबा म्हणाले.

"तू कधीपासून मला गप बस म्हणायला लागलास?"

"आजपासून."

"बरं झालं," आजी मध्येच म्हणाली. तिनं चपला काढल्या नव्हत्या. "सगळे हायत तर इचारते. हे घर कुणाचं? माझं बी हाय का न्हाई? मला कुणी इचारलं का भिंत पायजे का?"

"मीरा," आबा म्हणाले.

"न्हाई, बोलू दे. घमेलं घेऊन तुम्ही जाता, तवा मी घरात काय करते? वाट बगते. एसटीत पडला तर कुणाला कळणार म्हणून वाट बगते."

"मीरा!"

"कसलं घमेलं?" बाबांनी विचारलं.

आणि मग ते सगळं बाहेर आलं. आजीनं सांगितलं, आबांनी मध्ये मध्ये नाही म्हटलं, मग तेही थांबलं. आई खुर्चीवर बसली. बाबांचा चेहरा असा झाला होता की क्षिप्राला त्याच्याकडं बघवेना. तो तिच्या ओळखीचा चेहराच नव्हता, कुठल्यातरी लहान पोराचा होता. काका मात्र दोन पावलं मागं सरकले, जणू वास आला.

"मी सांगितलं होतं," काका म्हणाले. "गावठाणात नको. पुण्यात फ्लॅट घ्या म्हटलं होतं. विका. उद्याच्या उद्या विका. कशाला पाहिजे हा अपमान?"

"बघ," आबा आजीला म्हणाले. "बघ. म्हणून सांगायचं नव्हतं."

"विकायचं नाही," बाबा म्हणाले.

"तू जाऊन उचलणार आहेस?"

"हो."

"कधी? ॲन्युअल लीव्हमध्ये?"

काका वाईट बोलत होते आणि खरं बोलत होते, आणि या घरातली सगळी भांडणं तिथंच येऊन पडायची. क्षिप्रा खोक्याच्या भिंतीकडं बघत होती. काढून टाकावी तर आबा. ठेवावी तर आजी. अर्धी करावी, असं एकदा मनात आलं, छातीपर्यंत, म्हणजे बसलेला माणूस बाहेरून दिसणार नाही आणि उभा राहिलेला दिसेल. आणि लगेच दिसलं की छातीपर्यंतच्या भिंतीवरून कोंबडी फेकायला तर सगळ्यात सोपं. जाळी करावी? फुलझाडं? बाक आत? बाक बाहेर? तिच्या डोक्यात खांब उभे राहायचे आणि पडायचे.

"काय ठरलं?" आबांनी विचारलं. ते तिलाच विचारत होते. एवढं सगळं झाल्यावरही. "भिंत ठेवतीस का काढून टाकतीस?"

काका हाताची घडी घालून उभे होते. ठेवली की आर्किटेक्चर. एवढं सोपं होतं. तोंडातून एक 'ठेवते' काढायचं, शुक्रवारी कळवून टाकायचं, पुढचं पुढं. आई डोळ्यांनी तेच सांगत होती: म्हण. म्हणून टाक.

"मला येत नाही, आबा," क्षिप्रा म्हणाली.

"काय येत न्हाई?"

"हे. हे घर. मला काढता येत नाही. भिंत ठेवली तर आजी कोंडली जाते. काढून टाकली तर तुमच्या हातात पुन्हा घमेलं. दोन्ही चूक आहे आणि दोन्ही बरोबर आहे आणि मला पुढचं दिसत नाही. लिफ्टसुद्धा मला दिसली नाही. सॉरी. मी खोटं खोटं 'ठेवते' म्हणू शकते. पण मला येत नाही."

"ऐकलंत?" निशिकांतकाकांनी टाळी वाजवल्यासारखे हात जोडले. "स्वतःच म्हणतेय. जमलं तर, असं ठरलं होतं ना, आबा? नाही जमलं. विषय संपला. केमिकल."

आबांनी काकूच्या हातातून प्लास्टर घेतलं आणि स्वतःच बोटाला गुंडाळलं. मग काकांकडं न बघता म्हणाले, "वर्कशॉपात नवी पोरं यायची. 'सगळं येतंय साहेब' म्हणणारी. त्यांनी किती इंजिनं खाल्ली त्याचा हिशेब न्हाई. येत न्हाई म्हणणाऱ्याला मी जवळ घ्यायचो." मग आवाज वाढवून, "येत न्हाई म्हणूनच शाळेत घालत्यात ना रं माणसाला? का येतंय म्हणून घालत्यात?"

"आबा, ठरलं होतं—"

"मी ठरवलं होतं. मीच मोडलं. तू कोण?"

आईच्या तोंडातून हुंदका की हसू, काहीतरी निसटलं. क्षिप्राला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, म्हणजे झाला पण कुठं ठेवावा ते कळेना, कारण आबा पुढं बोलत होते.

"पण पोरी, तू शिकून येईस्तोवर मी थांबणार न्हाई. तेवढा टाइम माझ्याकडं न्हाई. पावसाळा सरला की गवंडी लावतो. साधं घर, खालीच, दोन खोल्या. आणि भिंत. तुझं हे," त्यांनी जाळीला पहिल्यांदा बोट लावलं, हलकेच, "हे न्हाई बांधायचो. राग मानू नको."

"नाही मानत," ती म्हणाली, आणि तिला समजेना की आपण आत्ता जिंकलो की आपलं पहिलंच घर पाडलं गेलं.

"भिंत बांधायची तर फाटक रस्त्याकडं पायजे," आजी म्हणाली.

"मागनं."

"रस्त्याकडं. मी काय चोर हाय मागनं जायला?"

"रस्त्याकडं फाटक म्हणजे भिंत न बांधल्यासारखंच की!"

"मग नगा बांधू!"

बाबा मध्ये पडायला गेले आणि दोघांनी एकदमच त्यांना गप्प केलं. काकू पर्स शोधायला लागली. काका लिफ्टचं बटण दाबायला बाहेर निघून गेले होते. क्षिप्रानं टेबलावरची पेन्सिल उचलली. कुठं टेकवावी ते तिला माहीत नव्हतं. ती खोक्याच्या भिंतीसमोर गुडघ्यावर बसली.

"आबा, एक विचारू? फाटकाला कुलूप लागणार?"

"लागणारच."

"तुम्ही घरात नसताना किल्ली कुणाकडं?"

आबांनी आजीकडं पाहिलं.

आजीनं किल्लीसाठी तळहात पुढं केला.